पुढच्या खोलीचा स्लॅब

शकूला तहान लागली म्हणून ती वाचली. दुपारचं जेवण उरकून अंजनानं पोरीला मधल्या खोलीत वाकळेवर निजवलं होतं आणि स्वतः मागच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरात भांडी आवरत बसली होती. पोरगी डोळे चोळत आली, पाणी मागितलं. अंजना तिच्या तोंडाला तांब्या लावतेय तोवर आत काहीतरी धप्पदिशी पडलं. आधी तिला वाटलं, मांजरानं काही पाडलं. जाऊन बघते तर वाकळेच्या उशाकडं, पोरीचं डोकं होतं बरोबर त्या जागी, परातीएवढा काँक्रीटचा खपला पडलेला. वाकळ फाटली होती. वर छताला तेवढाच खड्डा पडला होता आणि त्यात गंजून फुगलेल्या सळया उघड्या झाल्या होत्या. त्यांचा लाल भुगा अजून भुरभुरत होता.

अंजना ओरडली नाही. तिनं शकूला उचललं, परसात नेलं आणि लिंबाखाली तिला मांडीत घट्ट धरून बसून राहिली. मानसिंग मिलमधून सुटून घरी आला तेव्हाही ती तिथंच होती. चूल पेटली नव्हती.

"खपलाच पडलाय न्हवं," मानसिंग म्हणाला. "गिलावा मारून घिऊ."

"गिलावा न्हाई पडला. आतलं पडलंय. तुमी वर बघा तरी."

तो आत गेला, बराच वेळ वर बघत उभा राहिला आणि बाहेर येऊन हातपाय धुवायला गेला. गिलाव्याचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही, याचीच अंजनाला जास्त भीती वाटली.

माधवनगरातलं हे घर मानसिंगच्या वडिलांनी, नानासोंनी बांधलेलं. लोणंदकडचं गाव सोडून ते मिलमध्ये लागले, मुकादम झाले आणि स्वातंत्र्याच्या आधी त्यांनी हे दोन खोल्यांचं घर उभं केलं. भिंती काळ्या दगडाच्या, वर स्लॅब, पुढं पायऱ्यांवर सज्जा. त्या वेळी आळीत सगळी घरं कौलारू होती. स्लॅबाचं घर बघायला लोक सांगलीहून यायचे म्हणे. आता नानासोंची डावी बाजू वाऱ्यानं लुळी पडली होती. पुढच्या खोलीत दाराकडं तोंड करून त्यांची खाट असायची. काठी टेकत, भिंतीला धरत ते पुढच्या दारानं पायऱ्यांशेजारच्या मोरीपर्यंत स्वतःचे स्वतः जायचे. तेवढीच त्यांची चाल उरली होती.

"कोयनंचा भूकंप झाला तवा आक्कं माधवनगर रस्त्यावर पळालं," ते सुनेला म्हणाले. "मी ह्याच खाटंवर हुतो. काय झालं? एक चीर पडली. तू उगं घाबरट हायेस."

अंजनानं मान खाली घातली. सासऱ्यापुढं बोलायची तिची रीत नव्हती. पण त्या दिवसापासून तिचे कान घरभर फिरायला लागले. भाकरी थापताना ती मध्येच हात थांबवायची. सांगलीच्या रस्त्यानं उसाचा ट्रक गेला की ताटल्या थरथरायच्या आणि ती चूल सोडून परसात यायची. मधल्या खोलीत जायचं म्हटलं की ती भिंतीच्या कडेनं जायची, पळत यायची. एकदा कुणी घरात नसताना तिनं वासा घेऊन छत ठोकून बघितलं. मधल्या खोलीत स्वयंपाकघराच्या बाजूला ठण्ण वाजलं. मध्यावर पोकळ वाजलं, भोपळ्यावर टिचकी मारावी तसं. पुढच्या खोलीतही तसंच. तिनं वासा हळूच खाली ठेवला, जणू तो आवाज कुणी ऐकेल.

"आवं, मला लय भ्या वाटतंय," ती मानसिंगला म्हणाली. "पोरीला मी आत निजवत न्हाई. तुमी बी निजू नका."

मानसिंग वाईट माणूस नव्हता. मागांच्या खडखडाटात दिवसभर उभा राहून तो दमून यायचा, आणि वडिलांपुढं त्या स्लॅबाचं नाव काढायला त्यालाही जड जायचं. पण गौरीच्या आधी पुढच्या खोलीतही एक खपला पडला, नानासोंच्या काठीजवळच. तेव्हा त्यानं हंबीरराव गवंड्याला बोलावून आणलं.

हंबीरराव कवलापूरचा. अंगानं वाळका, बोलायला मोकळा. त्यानं दोन्ही खोल्या फिरून ठोकून बघितल्या.

"मालक, ह्याला आता पट्टी लावून भागायचं न्हाई," तो म्हणाला. "सळई आतनं खाल्लीया. दोनी खोल्यांचा काढायचा आन नवा टाकायचा."

नानासोंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सिमेंट तेव्हा परमिटशिवाय मिळत नव्हतं आणि ते परमिट मिळायला वेळ लागला. पावसाळा तसाच गेला. स्लॅबातून पाणी झिरपायचं आणि जिथं झिरपेल तिथं लाल ओघळ उमटायचे. अंजनानं सगळा संसार पत्र्याच्या स्वयंपाकघरात हलवला. शकूला तिनं लोणंदला आत्याकडं, राहीबाईंकडं धाडलं. पोरगी गेली तेव्हा तिला रडू आलं, पण गाडी हलली तशी छातीवरचा दगड थोडा सरकल्यासारखंही वाटलं. नानासो मात्र खाटेवरून हलायला तयार नव्हते.

"परसात नेऊन मला जनावरावानी बांधून घालणार का?" ते म्हणाले. "मोरीला जायचं तर चौघांनी उचलायचं? मला न्हाई जमायचं. आदी मधली खोली करा. फुडची मागनं बघू."

त्यांचं म्हणणं नुसत्या हट्टाचं नव्हतं हे अंजनाला कळत होतं. दुसऱ्यानं उचलून मोरीला न्यावं लागणं हे त्यांना मरणापेक्षा कठीण होतं. हंबीररावानं मान खाजवली. शेवटी असं ठरलं की आधी मधली खोली फोडायची, आणि तोवर पुढच्या खोलीत स्लॅबाखाली फळ्या लावून टेकू द्यायचे. नानासोंच्या खाटेभोवती लाकडी खांब उभे राहिले. अंजना त्यांना ताट द्यायला जायची तेव्हा त्या खांबांमधून वाट काढताना तिला थोडा धीर यायचा. एकेका खांबाला ती जाता जाता हात लावून बघायची.

दिवाळीनंतर काम सुरू झालं. हंबीरराव आणि त्याचा जोडीदार जोतिबा वर चढून घण घालायचे, त्यांच्या हाताखालची हरणाबाई खालून राडारोडा पाटीत भरून बाहेर टाकायची. प्रत्येक घावाला घर हादरायचं आणि अंजना कानांवर हात दाबायची. हरणाबाई हसायची.

"वयनी, आमी रोज ह्याच्यात असतो. तुमी कानात बोळं घाला."

अंजनाला हसू यायचं नाही. मधल्या खोलीचं छत गेलं तसं वरून आभाळ दिसायला लागलं, आणि तुटलेल्या कडेला वाकड्यातिकड्या सळया लोंबायला लागल्या. पुढच्या खोलीचा स्लॅब आता एका बाजूनं उघडा पडला होता.

दारासमोरच्या एका टेकूत नानासोंची काठी अडकायची. एकदा ते मोरीवरून येताना त्याला धडकून पडले. त्यांना उचलायला मानसिंग आणि शेजारचे हणमंतराव यावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीला जायच्या आधी मानसिंगनं तो टेकू आणि त्याच्या शेजारचा, असे दोन, पाचर ठोकून काढले आणि भिंतीशी उभे केले.

"आवं, हंबीररावांना इचारा तरी," अंजना दारात उभी राहून म्हणाली.

"बाकीचं हायेत की. नाना पडलं परत तर काय करू मी? हाड मोडलं म्हंजे?"

तो सायकल काढून निघून गेला. गडी आले तशी अंजनानं खाली उभं राहून हंबीररावाला सांगितलं. तो वरून वाकला, कपाळाला आठी घातली.

"दोन काडलं? दारापुडचं? बरं, ही कड तेवडी मोकळी करतो आन जेवणाआदी लावून देतो. घाबरू नका."

पण ती कड चिवट निघाली. सळया सुटेनात. ऊन डोक्यावर आलं तरी घण चालूच होता. मग भूक लागली म्हणून सगळी खाली उतरली आणि लिंबाखाली भाकरी सोडून बसली. जेवून लगेच लावतो, हंबीरराव म्हणाला.

अंजना नानासोंचं ताट घेऊन पुढच्या दारानं आत गेली. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळं खोली अंधारी वाटली. नानासो उठून बसले, तिनं खाटेसमोर स्टूल सरकवलं, ताट ठेवलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. तेवढ्यात आमटीवर पांढरी धूळ पडली. चिमूटभर. मग परत थोडी.

अंजनानं वर बघितलं. मधल्या भिंतीपासून एक बारीक चीर निघाली होती आणि ती पुढच्या दाराकडं सरकत होती. जुनी चीर नव्हती ती. तिच्या डोळ्यांदेखत लांबत होती. खोलीच्या मध्यावरचा टेकू कण्हल्यासारखा कुरकुरला.

"मामंजी, उठा."

"जेवू दे की."

"उठा म्हनते न्हवं."

या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. नानासोंनी तिच्याकडं बघितलं, मग ती बघत होती तिकडं वर, आणि हातातला तुकडा खाली ठेवला. तिनं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. दाराकडं निघाली. दार समोरच होतं, अर्धं उघडं. बाहेरचं ऊन उंबऱ्यावर आलं होतं.

तेवढ्यात दारावरचा कोपरा खाली बसला. आवाज मोठा नव्हता, पोतं टाकावं तसा होता. पण सगळी खोली धुळीनं भरून गेली. दाराची चौकट चेपली, उघडं दार तिरकं होऊन त्यातच अडकलं आणि उंबऱ्यावरचं ऊन दिसेनासं झालं. मध्यावरचा टेकू धनुष्यासारखा वाकला. अंजना नानासोंना घेऊन मागं पडली ती थेट खिडकीखालच्या भिंतीशी.

काही वेळ तिला आपण जिवंत आहोत की नाही हेच कळेना. कानात नुसतं घुमत होतं. तोंडात चुन्याची चव होती. मधल्या खोलीकडचं दार राड्यानं भरलेलं, वर तुटक्या सळया. पुढचं दार बंद. डोक्यावर स्लॅब वीतभर खाली आलेला, आणि त्यातून खड्यांचा बारीक पाऊस चालू. आता हा पडणार, तिला वाटलं. आत्ता. मग पडला नाही. मग परत वाटलं, आत्ता.

"वयनी." खिडकीच्या गजांमागं हंबीररावाचं तोंड दिसलं. तोंड पांढरं पडलं होतं. "लागलंय का कुनाला?"

"न्हाई," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

"भिंतीला खेटून ऱ्हावा. दाराकडं जायचं न्हाई. आमी गज कापतो. घण घातला तर हादरा बसंल, करवतीनंच कापाय पायजे. पर त्याला येळ लागनार, आन त्यो मधला टेकू..." तो थांबला. "त्यो टेकू टिकायचा न्हाई वयनी. एक खांब उभा कराय पायजे त्याच्या शेजारी. आमी भायरनं न्हाई करू शकत."

अंजनाला त्याचं म्हणणं कळलं होतं, तरी कळू नये असं वाटत होतं. गजांमधून जोतिबानं एक लांब वासा आत सरकवला. मागून एक आखूड फळी, दोन पाचरी, हातोडी आली. ती त्या वस्तूंकडं बघत राहिली. लघवी होईल असं वाटत होतं. भिंत पाठीला लागत होती, थंड, दगडी, आणि ती भिंत सोडून तिथं मध्यावर जाऊन उभं राहायचं.

"मला न्हाई जमायचं," ती म्हणाली.

हंबीररावाच्या मागून हरणाबाईचा आवाज आला. ती हसत नव्हती.

"वयनी, वर बगू नका. माझ्याकडं बगा, मी सांगते तसं करा. वासा उभा धरा. व्हय. आता दोन पावलं फुडं."

अंजना गेली. वर बघायचं नाही असं ठरवून ती हरणाबाईच्या तोंडाकडं बघत गेली. वाश्याच्या टोकावर फळी ठेवून तिनं तो उभा केला. फळी सारखी घसरत होती, वर नीट लागेना. डोक्यावर, हात पुरेल एवढ्यावर तो स्लॅब होता. त्यातून टिक टिक असा आवाज येत होता. एक खडा तिच्या खांद्यावर पडला, ती किंचाळली आणि खांब तसाच धरून डोळे मिटून उभी राहिली.

"धरलाय न्हवं?" हंबीरराव म्हणाला. "झालं तर मग. आता खाली पाचर घाला. एक हिकडनं, एक तिकडनं. हळू ठोका. जोरानं न्हाई."

ती खाली बसली. ठोकायला लागली. प्रत्येक ठोक्याला तिला वाटे, हाच शेवटचा. पाचर घट्ट होत गेली तसा वासा ताठ झाला आणि वरची टिकटिक थांबली. ती गुडघ्यांवर रांगतच भिंतीशी परत आली.

करवत सुरू झाली. लोखंडावर लोखंड घासल्याचा तो आवाज दातांत जात होता. जोतिबा आणि हंबीरराव आळीपाळीनं कापत होते, मध्ये मध्ये पाणी ओतत होते. बाहेर आळीतली माणसं जमली होती. कुणीतरी मानसिंगला बोलवायला मिलकडं गेलं होतं.

नानासो तिच्या शेजारी बसले होते. त्यांची टोपी कुठंतरी पडली होती आणि डोक्यावरचे विरळ केस धुळीनं पांढरे झाले होते. त्यांनी तिच्याकडं न बघता आपला चांगला हात पुढं केला. तिला आधी कळलं नाही. मग तिनं तो धरला.

"अंजना," ते म्हणाले. एरवी ते तिला सूनबाई म्हणायचे. "मला भ्या वाटाय लागलंय."

"मला बी."

"पडंल का गं?"

तिला काहीतरी धीराचं बोलावं असं वाटलं. पण तोंडातून खोटं येईना.

"म्हाईत न्हाई, मामंजी."

त्यांनी मान हलवली. जणू तेवढंच त्यांना हवं होतं. दोघं हात धरून बसून राहिली आणि करवतीचा आवाज ऐकत राहिली.

गज निघाले तेव्हा हंबीररावानं खिडकीतून आधी नानासोंना घेतलं. अंजनानं खालून त्यांचे पाय उचलून दिले, बाहेरून चार हातांनी त्यांना ओढलं. आता तिची पाळी आली आणि नेमकं तेव्हाच तिचे पाय जागचे हलेनात. खिडकी समोर होती, माणसं हात पुढं करत होती, तरी ती भिंतीला चिकटून उभी. मग हरणाबाई कमरेपर्यंत खिडकीत घुसली, तिनं अंजनाचा दंड धरला आणि तिला भाताच्या पोत्यासारखं बाहेर खेचलं. खिडकीच्या कापलेल्या गजानं तिच्या पोटरीवर लांब ओरखडा उठला. तो तिला नंतर कुणीतरी दाखवेपर्यंत कळला नाही.

सगळे रस्त्यापलीकडं हणमंतरावांच्या ओट्यावर जाऊन बसले. कुणीतरी चहा आणला. चहा संपायच्या आत समोरचा स्लॅब खाली आला. सज्जा आधी पुढं झुकला, पायऱ्यांवर कोसळला आणि त्याच्या मागोमाग सगळी खोली आत बसली. धूळ रस्ता ओलांडून ओट्यापर्यंत आली. ती ओसरली तेव्हा तिथं नुसत्या काळ्या भिंती उभ्या होत्या.

मानसिंग सायकल टाकून पळत आला तो त्या ढिगाऱ्यापाशीच. ओट्याकडं त्यानं बघितलंच नाही. "नाना," म्हणाला, "अंजना," म्हणाला आणि हातांनी दगड उपसायला लागला. हंबीररावानं त्याला दंडाला धरून वळवलं आणि ओट्याकडं बोट केलं. मानसिंगनं त्या दोघांना बघितलं आणि तिथंच रस्त्यावर बसला. त्यानं काढलेल्या टेकूंचं कुणी नाव काढलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

नवा स्लॅब माघात टाकला. तोवर सगळी पत्र्याखाली राहिली. नानासोंची खाट परसात लिंबाखाली टाकली होती आणि त्यांना मोरीला न्यायला मानसिंग आणि जोतिबा लागायचे. स्लॅब टाकला त्या दिवशी आळीतल्या बायामाणसांनी घमेल्यांची रांग लावली, पाणी मारायचं काम अंजनानं स्वतःकडं घेतलं. ओल टिकली पाहिजे म्हणून ती उन्हं चढायच्या आधी शिडीवरून वर जायची, कडेकडेनं मातीचे बांध घातलेल्या पाण्यात हात बुडवून बघायची. सेंटरिंग, म्हणजे स्लॅबाखालच्या फळ्या आणि खांब, कधी काढायचं हे विचारून विचारून तिनं हंबीररावाला भंडावून सोडलं.

"वयनी, तुमी म्हनाल तवाच काडतो," तो शेवटी म्हणाला. आणि खरंच थांबला.

शेवटी एका सकाळी फळ्या खाली आल्या. खांब बाहेर निघाले. नारळ फुटला. मानसिंग खोलीच्या मध्यावर उभा राहून वर बघत होता. शकू लोणंदहून आली होती, ती मोकळ्या खोलीत धावत सुटली आणि आपलाच आवाज घुमतोय का बघायला ओरडत राहिली.

"नाना, चला की आत. खाट आणू का?" मानसिंगनं बाहेर येऊन विचारलं.

नानासो लिंबाखाली होते. अंजना त्यांच्या खाटेच्या पायाशी गहू निवडत बसली होती.

"तू जा," ते म्हणाले. "मी आन सूनबाई बसतो हितं जरा."

मानसिंग आत गेला. नानासो थोडा वेळ शकूचं ओरडणं ऐकत राहिले.

"तिला भायर आन," ते हळूच म्हणाले.

अंजना उठली. नव्या उंबऱ्याशी जाऊन थांबली. "शकू, चल भायर," तिनं हाक मारली.

"आई, तूच ये की. बग किती गार हाय."

अंजनानं चौकटीला हात धरला आणि आत पाऊल टाकलं. वर बघितलं. छत राखाडी होतं, त्यावर फळ्यांच्या रेषा उमटल्या होत्या, कुठं चीर नव्हती. तरी ती भिंतीच्या कडेकडेनंच पोरीपर्यंत गेली. तिनं पोरीचा हात धरला, तिला बाहेर आणलं आणि नानासोंच्या खाटेवर बसवलं.

"चांगला झालाय," ती म्हणाली.

"असंल," नानासो म्हणाले. "उद्या जाऊ."

"व्हय. उद्या."

ऊन सरकून खाटेवर आलं होतं. तिनं खाटेचा पाय धरून ती सावलीत ओढून घेतली आणि परत गहू निवडायला बसली.